सबवूफरची केबल भिंतीतून नेताना

होम थिएटरच्या खोलीत समोरचे, मधले आणि बाजूचे स्पीकर कुठे बसणार हे पडद्याची आणि बसण्याची जागा ठरली की बऱ्यापैकी ठरून जाते. सबवूफरचे, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचे, तसे नसते. तो नेमका कुठे चांगला वाजेल हे खोली पूर्ण झाल्यावर, तिच्यात सोफा, गालिचा आणि पडदे आल्यावरच कळते. भिंती मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद करून रंगवाव्या लागतात. या कामातली खरी अडचण ही आहे. केबल कोणत्या कंपनीची घ्यावी यावर जेवढी चर्चा होते, तेवढी या अडचणीवर होत नाही. पुढचे सगळे विवेचन म्हणूनच एका धोरणावर उभे आहे: भिंतीत केबल पुरण्यापेक्षा केबलसाठी वाट करून ठेवावी, ती वाट एकाहून जास्त ठिकाणी पोचवावी आणि विजेच्या तारांपासून तिला दूर ठेवावे.

सबवूफर कोणत्या प्रकारचा, हे आधी

घरगुती सबवूफर बहुतेक वेळा ॲक्टिव्ह असतो, म्हणजे त्याचा ॲम्प्लिफायर त्याच्याच खोक्यात बसवलेला असतो. त्याला दोन गोष्टी लागतात: रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या मुख्य उपकरणाच्या) 'सब प्री-आउट' किंवा 'एलएफई' (खालच्या सुरांचा वेगळा चॅनेल) असे लिहिलेल्या जॅकमधून येणारी सिग्नलची केबल, आणि जवळ एक पॉवर सॉकेट. दुसरा प्रकार पॅसिव्ह सबवूफरचा. भिंतीतच बसवायचे सबवूफर सहसा याच प्रकारचे असतात. त्यांचा ॲम्प्लिफायर रिसीव्हरसोबत उपकरणांच्या रॅकमध्ये असतो आणि तिथून त्यांच्यापर्यंत जाड स्पीकर वायर न्यावी लागते. हा फरक लक्षात न घेता सगळीकडे सरसकट स्पीकर वायर ओढून ठेवली, की पुढे ॲक्टिव्ह सबवूफर आणल्यावर भिंतीतून बाहेर आलेल्या दोन उघड्या तारांचे काय करायचे हा प्रश्न पडतो. काही सबवूफरना स्पीकर पातळीचा इनपुट असतो आणि तिथे ती वायर कामाला येते, पण सगळ्यांना तो नसतो, आणि होम थिएटरच्या रिसीव्हरमधून बास घेण्याचा तो राजमार्गही नव्हे.

पॅसिव्ह सबवूफरसाठी वायर निवडताना जाडीचा हिशेब सोपा आहे. जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या (स्पीकरवर ओहममध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) पाच टक्क्यांच्या आत असावा. ४ ओहमच्या सबवूफरसाठी ही मर्यादा ०.२ ओहम होते. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरचा एकेरी रोध मीटरला साधारण ०.००७ ओहम असतो, म्हणजे १५ मीटर अंतरावर जाऊन-येऊन ०.२१ ओहम, अगदी काठावर. त्यामुळे एवढ्या लांबीला ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतलेली बरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला तशीच असते, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असल्यामुळे हा हिशेब तिला लागू होत नाही.

पुढे जिथे वेगळे सांगितलेले नाही, तिथे ॲक्टिव्ह सबवूफर आणि त्याची सिग्नल केबल गृहीत धरली आहे.

केबल बाहेर काढण्याचे भिंतीतले बॉक्स कुठे ठेवायचे

कमी वारंवारतेचा आवाज खोलीच्या भिंतींमध्ये मागेपुढे आदळून स्थिर लहरी तयार करतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ६ मीटर लांबीच्या खोलीत पहिली स्थिर लहर २८.६ हर्ट्झला आणि दुसरी ५७ हर्ट्झच्या जवळ पडते. या वारंवारतांना खोलीच्या काही भागात बास दुप्पट जाणवतो आणि काही भागात जवळजवळ नाहीसा होतो. जिथे तो नाहीसा होतो तिथे कोणाची खुर्ची असेल, तर इक्वलायझरवर ती वारंवारता कितीही वाढवून उपयोग होत नाही. फक्त ॲम्प्लिफायरवरचा भार वाढतो. सबवूफर हलवणे हाच तिथे उपाय, आणि हलवायचा तर जिथे हलवायचा तिथे केबल आणि सॉकेट हवे.

तयार खोलीत जागा शोधण्याची जुनी आणि भरवशाची पद्धत अशी की सबवूफर मुख्य आसनाच्या जागी ठेवावा, २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा टेस्ट टोन किंवा खालच्या सुरांची चाल असलेले संगीत लावावे आणि स्वतः भिंतीकडेने, कान सबवूफरच्या उंचीला आणून, फिरावे. जिथे सगळे सूर सारख्याच ताकदीने ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवला की मुख्य आसनावर तसाच परिणाम मिळतो. गुडघ्यांवर रांगत हे करताना माणूस विनोदी दिसतो, पण पद्धत पक्की आहे.

बांधकाम चालू असताना मात्र हा प्रयोग करता येत नाही. अशा वेळी संशोधनाचा आधार घ्यावा. हर्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत सबवूफरची संख्या आणि जागा बदलून सगळ्या आसनांवर बास किती सारखा पोचतो हे तपासले होते. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवण्याची मांडणी त्यात चांगली ठरली. त्यामागचे कारणही समजण्याजोगे आहे. पहिल्या स्थिर लहरीचा दाब समोरासमोरच्या भिंतींवर एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे दोन्ही टोकांचे सबवूफर एकाच वेळी सारखेच ढकलू लागले की ती लहर उभीच राहत नाही. आणि दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे रुंदीतली पहिली लहरही चाळवत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एकच सबवूफर घ्यायचा विचार असला, तरी बॉक्स चार ठिकाणी ठेवावेत: समोरच्या भिंतीचे दोन्ही कोपरे, त्याच भिंतीचा मध्य किंवा त्याच्या जवळची मोकळी जागा, आणि मागच्या भिंतीचा मध्य. समोर पडद्याखाली कपाट येणार असेल, तर मध्यावरचा बॉक्स कपाटाआड गाडला जाणार नाही हे पाहावे. मागचा बॉक्स बहुतेक जण वगळतात, कारण तिथपर्यंतची वाट सगळ्यात लांब आणि कटकटीची असते. माझ्या मते वगळायचाच असेल तर समोरचा एक कोपरा वगळावा, पण मागचा ठेवावा. दुसरा सबवूफर घेण्याची इच्छा सहसा वर्ष-दोन वर्षांनी होते आणि तेव्हा मागच्या भिंतीपर्यंत केबल न्यायला काहीच वाट उरलेली नसते.

प्रत्येक सिग्नल बॉक्सच्या जवळ पॉवर सॉकेट हवेच. सबवूफरसोबत येणारी लवचीक पॉवर कॉर्ड भिंतीच्या आतून नेणे धोक्याचे आहे, कारण ती कॉर्ड उघड्यावर वापरण्यासाठी बनवलेली असते; बंदिस्त जागेत तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण फाटले तर कळायला मार्ग नसतो. अनेक देशांच्या विद्युत नियमांत याला स्पष्ट मनाई आहे. सॉकेटसाठी भिंतीतले नेहमीचे पक्के वायरिंगच हवे आणि ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. त्याला एवढे एक आवर्जून सांगावे की सबवूफरची सॉकेटे आणि रिसीव्हरच्या रॅकचे सॉकेट एकाच सर्किटवर, एकाच अर्थिंगवर असावीत, आणि त्या सर्किटवर दिव्यांचे डिमर असू नयेत. याचे महत्त्व शेवटी हमिंगचा, म्हणजे सबवूफरमधून येणाऱ्या विजेच्या घरघरीचा, विषय येईल तेव्हा कळेल.

केबल कोणती

सबवूफरच्या केबलबाबत बाजारात बरेच मोठे दावे केले जातात, म्हणून आधी तिला काय करायचे असते ते पाहावे. एलएफई चॅनेलची मर्यादा १२० हर्ट्झपर्यंत असते. आरजी-६ जातीच्या कोॲक्सियल केबलची (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली, टीव्हीला वापरतात तशी केबल) धारकता मीटरला साधारण ५३ पिकोफॅरड, म्हणजे १५ मीटरला ८०० पिकोफॅरड. रिसीव्हरच्या आउटपुटचा रोध १००० ओहम धरला, तरी या धारकतेमुळे सिग्नल खाली येऊ लागतो तो २,००,००० हर्ट्झच्या आसपास. ज्या केबलमधून १२० हर्ट्झपर्यंतचेच काम करून घ्यायचे आहे, तिच्यात लांबीमुळे बास कमी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सबवूफरच्या इनपुटचा रोध दहा-वीस हजार ओहम असतो, त्यापुढे केबलचा एक-दोन ओहम रोध नगण्य आहे. ७५ ओहमची केबल हवी की ५० ओहमची, हाही वाद या वारंवारतांना निरर्थक आहे.

खरा प्रश्न आहे तो बाहेरून आत शिरणाऱ्या उपद्रवाचा. घरातली वीज देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झची असते आणि तिचे पट १०० किंवा १२० हर्ट्झला येतात. हे सगळे आकडे सबवूफरच्या कामाच्या पट्ट्यात अगदी मधोमध बसतात. छोट्या स्पीकरमध्ये ही घरघर ऐकूही येत नाही. सबवूफर मात्र ती इमानेइतबारे वाजवून दाखवतो. त्यामुळे केबलमध्ये पाहण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे शील्ड, अर्थात मधल्या तारेभोवतीचे धातूचे वेष्टन.

इथे एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. टीव्हीच्या कामासाठी मिळणाऱ्या साध्या आरजी-६ केबलची शील्ड ॲल्युमिनियमची पन्नी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची विरळ जाळी अशी असते. उच्च वारंवारतेला ती उत्तम चालते. पण दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असेल, तर त्या फरकामुळे वाहणारा प्रवाह शील्डमधूनच जातो, आणि शील्डच्या रोधावर त्याचे जे व्होल्टेज तयार होते ते थेट सिग्नलमध्ये मिसळते. शील्डचा रोध जितका कमी, तितके हमिंग कमी. म्हणून निवड करता येत असेल तर तांब्याची दाट, ९५ टक्क्यांच्या आसपास आच्छादन असलेली जाळी असलेली कोॲक्स घ्यावी. अशी केबल व्हिडिओच्या आणि कॅमेऱ्यांच्या कामासाठी आरजी-५९ आणि आरजी-६ या दोन्ही मापांत मिळते. मधली तार भरीव तांब्याची असावी. पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा असलेली असली तरी आवाजात फरक पडणार नाही, पण ती कडक असते आणि बॉक्समध्ये वळवताना त्रास देते.

केबलच्या आवरणावर ती भिंतीच्या आत वापरण्यायोग्य असल्याची खूण छापलेली असावी. अमेरिकी पद्धतीत ही खूण 'सीएल२' किंवा 'सीएल३' अशी असते. पहिली १५० व्होल्टपर्यंत आणि दुसरी ३०० व्होल्टपर्यंत. इतर ठिकाणी कमी धूर आणि हॅलोजनविरहित आवरणाची केबल मागावी. आग लागली तर भिंतीतली केबल वातीसारखी ज्वाला पुढे नेऊ नये, हा या खुणांमागचा हेतू आहे. दोन्ही टोकांना आरसीए पिना (ऑडिओच्या नेहमीच्या गोल पिना) आधीच बसवलेली देखणी तयार केबल भिंतीसाठी घेऊ नये: तिच्यावर अशी खूण क्वचितच असते आणि तिच्या जाड पिना पाइपातून नीट जात नाहीत.

रिसीव्हर आणि सबवूफर दोन्हींना एक्सएलआर (तीन पिनांचे) जॅक असतील, तर कोॲक्सऐवजी शील्ड असलेली दोन तारांची बॅलन्स्ड केबल न्यावी. तिच्यात दोन्ही तारांवर सारखाच चढलेला उपद्रव इनपुटला वजा होऊन जातो आणि लांब अंतरावर याहून चांगला मार्ग नाही. पाइपात जागा असेल तर दोन्ही केबल ओढून ठेवाव्यात. सोबत एक कॅट-६ (नेटवर्कची) केबलही जाऊ द्यावी. आज तिचे काम नसले तरी उद्या रिसीव्हरबरोबर सबवूफर आपोआप चालू-बंद करणाऱ्या १२ व्होल्टच्या ट्रिगरसाठी किंवा नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या सबवूफरसाठी ती उपयोगी पडते.

विटांची किंवा ब्लॉकची भिंत

अशा भिंतीत झिरी मारून, म्हणजे लांब खाच पाडून, पीव्हीसीचा पाइप बसवणे हाच मार्ग. झिरीची रेघ आधी भिंतीवर आखून घ्यावी आणि ती नेहमी सरळ उभी किंवा सरळ आडवी असावी. तिरकी झिरी अंतर वाचवते, पण पुढे कोणी चित्र टांगायला खिळा ठोकतो तेव्हा पाइप कुठून गेला आहे याचा अंदाज कोणालाच येत नाही. उभ्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून आणि आडव्या झिरीची एक-षष्ठांशाहून जास्त नसावी. आडवी झिरी भिंतीला जास्त कमकुवत करते, म्हणून लांब आडवा प्रवास फॉल्स सीलिंगच्या वरून किंवा जमिनीच्या फरशीखालून करावा आणि भिंतीत फक्त उभे उतरावे. आरसीसीच्या कॉलम आणि बीमला कटर लावायचा नाही. पाइप आत बसवण्यासाठी सळई उघडी पाडणारे कारागीर असतात, त्यांना तिथेच थांबवावे.

विजेच्या पाइपापासून हा पाइप समांतर जात असेल तर मध्ये किमान ३०० मिलिमीटर अंतर ठेवावे. ओलांडायचाच झाला तर काटकोनात ओलांडावा, कारण समांतर धावणाऱ्या तारांमध्ये चुंबकीय क्षेत्र लांबीच्या प्रमाणात चढत जाते आणि काटकोनात ते जवळजवळ चढतच नाही. तांब्याची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे तिचे फारसे चालत नाही. तिथे अंतर हाच इलाज. सिग्नलची केबल विजेच्या पाइपातच घालून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो हमिंगसाठी वाईट आणि सुरक्षिततेसाठी त्याहून वाईट आहे. बॉक्सही वेगळे हवेत.

पाइपाचे माप ठरवताना हात आखडता घेऊ नये. २५ मिलिमीटरच्या पाइपाचा आतला व्यास साधारण २१ ते २२ मिलिमीटर, म्हणजे आतले क्षेत्रफळ ३६० चौरस मिलिमीटरच्या आसपास. पाइप ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये असा दंडक आहे, तेव्हा वापरायला मिळतात सुमारे १४५. एका आरजी-६ केबलचा व्यास ७ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ ३८ च्या जवळ. अशा तीन केबल मावतात, चौथी मावत नाही. कोॲक्स, बॅलन्स्ड आणि कॅट-६ अशा तिन्ही न्यायच्या आणि भविष्यासाठी दोरीही ठेवायची, तर ३२ मिलिमीटरचा पाइप घेतलेला बरा. भिंतीची जाडी तेवढी खोल झिरी सोसत नसेल, तर २५ चे दोन पाइप शेजारी-शेजारी टाकावेत.

वळणांवर एल्बो वापरू नये. एल्बोच्या तीक्ष्ण कोपऱ्यात केबल अडकते आणि जोर लावला की आवरण सोलते. मोठ्या त्रिज्येचे लांब बेंड वापरावेत, किंवा पाइपात स्प्रिंग घालून पाइपच हाताने वळवावा. कोॲक्सच्या वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या दहापट, म्हणजे ७० मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. दोन बॉक्सच्या दरम्यान काटकोनाची चारपेक्षा जास्त वळणे आली तर मध्ये एक जंक्शन बॉक्स द्यावा, आणि तो कुठे तरी हात पोचेल अशा जागी असावा. व्यवहारात तिसऱ्या वळणानंतरच केबल ओढणाऱ्याचा चेहरा बदलतो, तेव्हा दोन वळणांत काम भागेल अशी वाट शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

पाइप बसवून झाल्यावर, गिलावा करण्यापूर्वी, प्रत्येक पाइपातून नायलॉनची दोरी पार करून पाहावी. दोरी सुरळीत गेली तर पाइप मोकळा आहे. मग दोन्ही तोंडे चिकटपट्टीने घट्ट बंद करावीत, कारण प्लास्टरचा ओला माल पाइपात शिरून सुकला की तो काढण्यासाठी भिंत पुन्हा फोडावी लागते. झिरी भरताना तिच्यावर बारीक तारेची जाळी ठोकून मग माल भरावा, म्हणजे रंगावर पाइपाच्या रेघेने भेग येत नाही. आणि त्याआधी, झिरी उघडी असतानाच, मेजरिंग टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा. टेपचे आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत. नुसत्या भिंतीच्या फोटोवरून पुढे पाइप कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे हे सांगता येत नाही.

जिप्सम बोर्डाची भिंत

बोर्डाच्या भिंतीत काम स्वच्छ असते, पण दिसत नसल्यामुळे जपून करावे लागते. बोर्ड लावण्यापूर्वी संधी असेल तर इथेही लवचीक पाइप टाकावा. नुसती केबल टाकली तर ती कायमची. लाकडी स्टडमधून (बोर्ड ज्यांच्यावर ठोकतात त्या उभ्या खांबांमधून) जाताना भोक स्टडच्या मध्यावर पाडावे. भोकाची कड स्टडच्या दर्शनी कडेपासून ३२ मिलिमीटरपेक्षा जवळ येत असेल, तर तिथे पोलादी पट्टी ठोकावी, नाहीतर बोर्डाचा स्क्रू सरळ केबलमध्ये उतरतो. धातूच्या स्टडमधल्या भोकांना रबरी किंवा प्लास्टिकची कडी बसवल्याशिवाय केबल घालू नये, कारण त्या पत्र्याच्या कडा आवरण कापतात.

बोर्ड आधीच लागलेले असतील, तर आडवे जाण्याचा विचार सोडून द्यावा. दोन स्टडच्या मधली पोकळी वरपासून खालपर्यंत सहसा मोकळी असते, तेव्हा छताच्या वरून किंवा खालच्या मजल्यावरून येऊन त्या पोकळीत उभे उतरणे सोपे पडते. मध्येच आडवी फळी लागली तर ती बहुधा आगीचा प्रसार अडवण्यासाठी दिलेली असते. तिच्यात पाडलेले भोक केबल गेल्यावर अग्निरोधक सीलंटने भरून काढावे लागते. दोन मजल्यांमधल्या भोकालाही हाच नियम. भिंतीत इन्सुलेशनचा कापूस (ग्लासवूलसारखा) भरलेला असेल तर केबल त्याच्या आणि बोर्डाच्या मधून सरकवावी, कापूस दाबून खाली ढकलू नये.

ध्वनिरोधक खोली करायची असेल तर भिंतीला पाडलेले प्रत्येक भोक आवाजाला बाहेर जाण्याची वाट देते. अशा खोलीत शेजारच्या खोलीचा बॉक्स आणि या खोलीचा बॉक्स एकाच पोकळीत पाठीला पाठ लावून बसवू नयेत, आणि बॉक्सच्या मागच्या बाजूला मऊ पुटीचे पॅड चिकटवावेत.

केबल ओढणे आणि तपासणे

केबल ओढण्यासाठी दोन माणसे हवीत, एक ओढणारा आणि एक भरवणारा. भरवणाऱ्याचे काम जास्त महत्त्वाचे असते. दोरी आधी घातलेली नसेल, तर स्टीलची फिश वायर वापरावी; लांब पाइपात ती अडत असेल तर फोमचा छोटा तुकडा बारीक दोऱ्याला बांधून एका टोकाला ठेवावा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावावा, म्हणजे तुकडा दोऱ्यासकट खेचला जातो. केबल दोरीला बांधताना सगळ्यांची टोके एकाच जागी आणू नयेत. एकामागे एक अशी बोटभर अंतराने ठेवून वरून चिकटपट्टी गुंडाळली की टोक निमुळते होते आणि वळणात अडत नाही. केबलसाठीचे वंगण मिळत असेल तर तेच वापरावे. तेल किंवा ग्रीस आवरणाला खाते. सगळ्यात शेवटी, केबलबरोबरच एक नवी दोरीही आत जाऊ द्यावी आणि ती तिथेच ठेवावी.

बॉक्सपाशी ३०० मिलिमीटर आणि रॅकपाशी दीड मीटर केबल जास्तीची ठेवावी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांवर कुठली ती आहे हे लिहून ठेवावे, आणि ते टोकापासून थोडे मागे लिहावे, कारण पिन बसवताना टोकच कापले जाते.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. दोन्ही टोके मोकळी असताना मधली तार आणि जाळी यांच्यात जोड दिसता कामा नये. मग दूरच्या टोकाला दोन्ही एकमेकांना जोडून या टोकाला रोध मोजावा. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करून, १५ मीटरच्या भरीव तांब्याच्या केबलला हा आकडा एक ओहमच्या आत यायला हवा. पोलादी तारेच्या केबलला दीड-दोन ओहम आले तरी चालते. आकडा याहून बराच वर असेल किंवा केबल हलवली की बदलत असेल, तर कुठे तरी ती दुमडली किंवा तुटली आहे. बोर्डाच्या भिंतीत ही तपासणी बोर्ड लावण्याच्या आधी व्हायला हवी.

टोके

भिंतीवर आरसीए जॅकची प्लेट बसवावी, की ब्रश असलेल्या प्लेटमधून केबल सरळ बाहेर काढून तिलाच पिन लावावी, यावर दोन मते आहेत. प्लेट नीटनेटकी दिसते, पण तिच्यामुळे प्रत्येक टोकाला एक जोड वाढतो आणि बिघाड बहुधा जोडांतच होतो. मला दुसरी पद्धत बरी वाटते. सबवूफर हलवताना केबल चुकून ताणली गेली तरी प्लेट भिंतीतून उपटून येत नाही. भाड्याने देण्याच्या घरात किंवा जिथे सबवूफर वारंवार काढायचा आहे तिथे मात्र जॅकची प्लेटच हवी.

कोॲक्सला कॉम्प्रेशन पद्धतीची आरसीए पिन लावावी. आवरण सोलण्याच्या हत्याराने मधली तार सुमारे ६ मिलिमीटर आणि पांढरे इन्सुलेशन त्याच्या मागे तेवढेच उघडे करावे, जाळी मागे दुमडावी आणि तिचा एकही केस मधल्या तारेला टेकत नाही हे उजेडात धरून पाहावे. तो एक केस संपूर्ण सिग्नल जमिनीत घालवतो, आणि भिंत बंद झाल्यावर माणूस दोष सबवूफरमध्ये शोधत बसतो. पिन दाबल्यावर पुन्हा एकदा मल्टिमीटर लावावा.

हमिंग आणि खडखड

सगळे जोडून रिसीव्हरवर काहीही न वाजवता सबवूफरचा आवाज हळूहळू वाढवावा. घरघर ऐकू आली तर सबवूफरच्या मागची आरसीए पिन काढावी. तरीही घरघर चालू राहिली तर दोष सबवूफरमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे. थांबली तर ती केबलवाटे येत आहे. मग पिन पुन्हा लावून रिसीव्हरला जोडलेल्या इतर गोष्टी एकेक करून काढाव्यात, आणि सुरुवात केबल टीव्हीच्या किंवा डिशच्या कोॲक्सपासून करावी: ती बाहेरून स्वतःचे अर्थिंग घेऊन घरात येते आणि अर्थ लूपचा, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून केबलच्या शील्डवाटे फिरणाऱ्या प्रवाहाचा, उगम पुष्कळदा तिथेच असतो. तसे निघाले तर त्या केबलवरच आयसोलेटर बसवावा. तसे नसेल आणि दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्येच फरक असेल, तर सबवूफरच्या सिग्नल केबलवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. तो २० हर्ट्झपर्यंत सपाट चालणारा असावा, नाहीतर हमिंगबरोबर सबवूफर ज्यासाठी घेतला तो खालचा बासही जातो. अर्थिंगची पिन कापून किंवा तिच्यावर टेप लावून हमिंग घालवण्याचा उपाय ऐकिवात असतो. तो करू नये: त्याने घरघर जाते, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरते.

हमिंग नाही याची खात्री झाल्यावर २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळू चढत जाणारा टोन जरा मोठ्या आवाजात लावावा आणि खोलीत फिरावे. कुठल्या तरी वारंवारतेला एखादी प्लेट, बॉक्सचे झाकण किंवा पाइपातली सैल केबल खडखडू लागते. हाताने दाबल्यावर थांबली तर सापडली. प्लेटच्या मागे फोमची पातळ पट्टी चिकटवावी. पाइपाच्या तोंडात फोमचा तुकडा सैलसर खुपसावा, पण केबल पुन्हा ओढता येईल इतपतच. तिथे सिमेंट, पुटी किंवा फुगणारा फोम भरला की आत ठेवलेली दोरी कोणाच्याच कामाची राहत नाही.